सारंगखेड्याहून आणलेली घोंगडीच्या अस्तराची झूल: दोन हिवाळे वापरल्यानंतर

माझी घोडी चांदणी रात्री साडेअकराला पिकअपमधून उतरते तेव्हा तिच्या अंगातून वाफा निघत असतात. छातीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि खोगिराखाली केस घामाने चिकटलेले असतात आणि बाहेर आठ-नऊ अंश थंडी. आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. राज्यात सगळ्यात कमी तापमान निफाडला, अशी बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी येतेच. तो आकडा आमच्या जवळच्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. पहाटे पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे उठून ठिबक सोडतात. त्याच पहाटे माझी घोडी वरातीच्या घामाने ओली उभी राहू नये, एवढ्यासाठी मी ही झूल घेतली.

चांदणी कुमैत रंगाची, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, काठेवाडी वळणाची, अकरा वर्षांची. कपाळावर पांढरा ठिपका, त्यावरून नाव. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, चाळीस वर्षं लग्नाला घोडी द्यायचे. ते गेल्यावर घोडी विकायची का, असं घरात बोलणं झालं होतं. मीच नको म्हटलं. आता मी आणि माझा मुलगा मिळून तिचं करतो. सोबत नऊ संकरित गाई आणि सात शेळ्या.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो. संध्याकाळी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, आणि रात्री वरात. तीन-तीन तास डीजेच्या आवाजात, गर्दीत, फटाक्यांत घोडी उभी असते. चालणं थोडं आणि ताण जास्त, त्यामुळे घाम फार येतो. नाना असताना वरातीहून आल्यावर आधी तिला अंगणात फिरवायचे, मग वाळल्या गवताचा बोळा करून सगळं अंग चोळायचे, केस उलटे उभे राहीपर्यंत. त्याला तास लागायचा. कोरडी झाल्याशिवाय ते स्वतः पाठ टेकायचे नाहीत. मुलाचं सकाळी सातला कॉलेज असतं आणि मला पाचला धारा काढायच्या असतात. रोज तो तास आम्हाला निघत नव्हता.

म्हणून आधी आम्ही एक नायलॉनची झूल ऑनलाइन मागवली. कुणाची ते लिहीत नाही, कदाचित दुसऱ्या कुणाला ती चालतही असेल. दिसायला सुंदर, आत फोमसारखा थर, वरून पाणी शिरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झूल काढली तर घोडी रात्रीपेक्षा जास्त ओली. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं तसा आतला घामही बाहेर जात नव्हता. तरी आम्ही पंधरा दिवस ती वापरली, आणि डाव्या खांद्यावर रुपयाएवढी जागा सोलवटून निघाली. तिथे केस आले ते पांढरे आले. ती खूण अजून आहे, आणि खरारा करताना, म्हणजे ब्रशने अंग घासताना, रोज माझा हात तिथे थांबतो.

२०२४ ची दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. मी आणि मुलगा धुळे-दोंडाईचामार्गे सारंगखेड्याला गेलो. तापीकाठची ही एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिथला घोडेबाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. मारवाड, काठेवाड, पंजाबकडून घोडे येतात. आम्हाला घोडा घ्यायचा नव्हता, आम्ही सामानाच्या ओळीत फिरत होतो: लगाम, रिकिबी, घुंगरमाळा, मोरक्या, खोगिरं. बहुतेक झुली मिरवणुकीच्या होत्या, मखमल आणि आरसे लावलेल्या. रोज रात्री अंगावर घालायची झूल दोन-तीन ठिकाणीच होती.

एका वयस्कर कारागिराच्या पालात ही मिळाली. दोन थर आहेत. आतला थर घोंगडीचा, म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागावरची काळी घोंगडी, घोडीच्या मापाने कापून, कडेला सुती पट्टी मारलेली. वरचा थर जाड सुती कॅनव्हासचा. दोन्ही थर एकमेकांना शिवलेले नाहीत, आठ ठिकाणी नाड्यांनी बांधलेले आहेत. मला सगळ्यात आवडली ती हीच गोष्ट. नुसती घोंगडी घालता येते, नुसता कॅनव्हास घालता येतो आणि दोन्ही मिळूनही घालता येतं.

मी किंमत विचारली, तर त्यांनी उलट माप विचारलं. माझ्याकडे माप नव्हतं. उंची साठ इंच, एवढं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, उंचीवर झूल बसत नाही, लांबीवर बसते." घरी नवऱ्याला फोन लावला. त्यांनी सुतळीने मोजून सांगितलं, सहासष्ट इंच. कारागिराने नुसती मान हलवली. "एवढ्या उंच घोडीला एवढी कमी लांबी नसते. मानेपासून मोजलंय त्यांनी. छातीच्या मधोमध सुतळी धरा, खांद्याच्या सगळ्यात फुगीर जागेवरून न्या, बाजूने शेपटीच्या मुळापर्यंत." परत मोजलं, तर त्र्याहत्तर. माझी नायलॉनची झूल खांद्याला का घासत होती, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. ती उंचीवरून मागवली होती आणि लांबीला चार बोटं कमी होती. पुढे सरकायला जागा नसली की घोडी खाली मान घालून चरताना सगळा ताण खांद्यावर येतो.

किंमत ३,८०० रुपये. घासाघीस केली नाही. घोंगडी हाताने विणायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. माझं माहेर माणदेशाकडचं आहे. माप वहीत लिहून घेतलं, तीन तासांनी या म्हणाले, आणि आमच्यासमोर मागच्या कडेला दोन चुण्या घालून दिल्या, घोडीच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या गोलाईवर, नीट बसावी म्हणून.

आता तिच्या कामाबद्दल. पहिली वरात चार दिवसांनी होती. घोडी आली, खोगीर उतरवलं, कोरड्या गोणपाटाने वरवर पुसली, दहा मिनिटं अंगणात फिरवली आणि नुसती घोंगडी अंगावर टाकली. कॅनव्हास लावायचा नाही, असं कारागिराने बजावून सांगितलं होतं. अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन गेले. घोंगडीच्या काळ्या लोकरीवर बारीक बारीक थेंब जमलेले होते, पहाटे गवतावर दव असतं तसे. हात फिरवला तर तळवा ओला झाला. मग तोच हात घोंगडीखाली, खांद्यामागून आत घातला. आत ऊब होती आणि केस जवळजवळ कोरडे होते. छातीवर थोडी ओल होती, तीही तासाभरात गेली. अंगाची वाफ लोकरीतून वर आली आणि वरच्या टोकांवर थंड होऊन थांबली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते आणि तरी हाताला चिंब लागत नाही, हे मी ऐकून होते. त्या रात्री हाताने पाहिलं. नंतर ती घोंगडी काढून दांडीवर टाकली, दुसरी जुनी कोरडी घोंगडी घातली, वर कॅनव्हास बांधला आणि झोपायला गेले. नानांचा तास वीस मिनिटांवर आला.

खोगिराखालच्या जागेवर मात्र बोळ्याने चोळावंच लागतं. झूल हे काम करत नाही. तिथला घाम वाळून मिठासारखा बसतो आणि दुसऱ्या दिवशी खोगिराखाली तो कातडं खातो.

आता थोडं सावध करते, कारण झूल विकणारे हे सांगत नाहीत. निरोगी, भरल्या अंगाच्या, कोरड्या घोड्याला आपल्याकडच्या थंडीत बहुतेक वेळा झूल लागतच नाही. दिवाळीनंतर त्याचे केस दाट होतात, थंडीत ते फुलारून उभे राहतात आणि मधे हवा धरून ठेवतात. हीच त्याची झूल. तीन गोष्टी ती मोडतात: ओल, वारा आणि आपण चोवीस तास बांधून ठेवलेली जड झूल, जी केस दाबून बसते. म्हणून पौष महिन्यात, जेव्हा आमच्याकडे लग्नं नसतात, तेव्हा चांदणी दिवसभर झुलीशिवाय असते. सकाळी ऊन आलं की झूल काढायची, खरारा करायचा, बाहेर बांधायचं. पौषातल्या रात्रीही मी फक्त वारा सुटला किंवा अवकाळी पावसाचे ढग आले तरच घालते. म्हातारं घोडं, आजारातून उठलेलं, दात गेलेलं, किंवा शिंगरू असेल तर गोष्ट वेगळी; त्यांना रोज घाला.

आणि झूल घातलेल्या जनावराच्या अंगावरून रोज हात फिरवा. नुसतं पाहून कळत नाही. वर झूल, खाली दाट केस, आणि त्याखाली घोडी बारीक होत जाते. बरगड्यांवर तळवा सपाट ठेवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण वेगवेगळ्या मोजता येऊ नयेत. कानाच्या मुळाशी हात लावा. तिथे गार लागलं आणि अंगावर काटा असला, तर तिला थंडी वाजतेय. ताप बघायचा तर घोडीचा १०० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. १०२ दिसला की मी डॉक्टरांना फोन करते.

झुलीतले दोष सांगते, कारण ते आहेत.

पहिला, पोटाचा पट्टा. कापसाचा विणलेला पट्टा छान आहे, पण त्याची बकलं लोखंडी आहेत. पहिल्याच हिवाळ्यात गंजली आणि एक अडकून बसलं. घोडी बसून उठताना पट्ट्यात पाय गेला असता आणि बकल सुटलं नसतं, तर पाय मोडला असता. मी गावातल्या मोच्याकडून पितळी बकलं बसवून घेतली. विकत घेताना हे आधीच बघा, पितळ मागून घ्या. दुसरा, वास. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. पहिले आठ-दहा दिवस चांदणी मान वळवून घोंगडीची कड चावत होती. खळ उडाली, लोकर मऊ पडली, मग थांबली. तिसरा, धुणं. साबणाच्या पावडरीत घालून खसाखसा धुतली तर ती आटते आणि कडक होते. मी गार पाण्यात नुसती बुडवून काढते, पिळत नाही, सावलीत आडवी वाळवते. थंडीत वाळायला दोन दिवस जातात, म्हणून दुसरी घोंगडी हाताशी लागतेच. चौथा, कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. उन्हाळ्यात कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली होती, तरी एका कोपऱ्यात लागली. यंदा ऊन देऊन, झटकून, पाल्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधणार आहे.

वजनही सांगायला हवं. दोन्ही थर मिळून माझ्या घरच्या काट्यावर साडेसहा किलो भरले. एकट्या बाईला घोडीच्या पाठीवर टाकायला अवघड नाही, पण पहिल्यांदा टाकताना घोडी दचकते. घडी घालून आधी मानेच्या मुळाशी ठेवा, मग हळूहळू मागे उलगडत न्या, केस ज्या बाजूला बसतात त्याच बाजूला. घालताना आधी छातीचं बकल, मग पोटाचं. काढताना उलट. छातीचं आधी सोडलं आणि घोडी बुजली, तर झूल मागे सरकून पायांत येते.

गाईंना ही झूल घेऊ नका, गरज नाही. मोठी दुभती गाय पोट भरलेलं असेल तर आपली ऊब आपण तयार करते. आमच्या नऊ गाईंना मी गोणपाटाच्या झुली शिवल्या आहेत, खताच्या नव्हे, तागाच्या धान्याच्या गोण्यांच्या, आणि त्याही फक्त आजारी किंवा नुकत्याच व्यालेल्या गाईला घालते. त्यांचं खरं दुखणं खाली असतं. ओल्या फरशीवर कास टेकली की सड फुटतात आणि मग कासदाह. आम्ही हिवाळ्यात बसायच्या जागेवर उसाचं पाचट टाकतो आणि रोज संध्याकाळी वरचा ओला थर काढतो.

वासरांसाठी मात्र मी त्याच कारागिराकडून उरलेल्या घोंगडीची एक छोटी झूल करून घेतली होती, ६०० रुपयांत. ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले. नुकतं जन्मलेलं वासरू आपल्याला सुखद वाटणाऱ्या थंडीतही कुडकुडतं. अंगावर चरबी नसते, केस ओले असतात. गेल्या जानेवारीत पहाटे तीनला गंगी व्याली. वासरू कोरडं पुसलं, तासाभराच्या आत चीक पाजला, आणि ती छोटी झूल घातली. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे, असं आमचे डॉक्टर सांगतात. ती कालवड तीस किलोची, म्हणजे तीन लिटर. दोन वेळा मिळून तेवढा गेला. सकाळी सातला ती झूल अंगावर घेऊन गोठ्यात उड्या मारत होती.

गोठ्याबद्दल एक चूक आमच्या हातून झाली होती, ती इथे लिहिते, कारण अजूनही लोक तेच करतात. तीन वर्षांपूर्वी थंडीला घाबरून आम्ही गोठ्याच्या चारही बाजू द्राक्षबागेच्या प्लास्टिक कागदाने बंद केल्या. जानेवारीत एक कालवड खोकायला लागली, मग दोन शेळ्या. डॉक्टर आले आणि गोठ्याच्या मधोमध उकिडवे बसले. मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण बसा. आता श्वास घ्या." बसले तर डोळ्यांत पाणी आलं. उभं असताना काही जाणवत नव्हतं आणि जनावराच्या नाकाच्या उंचीवर मुताचा उग्र वायू भरून राहिला होता. आतल्या बाजूने कागद पाणी धरून ओघळत होता. त्याच दिवशी वरचे दोन फूट सगळीकडून मोकळे केले. उत्तरेची बाजू तेवढी खालून चार फूट बंद ठेवली. खोकला आठवड्यात कमी झाला. त्या कालवडीचा श्वास मात्र पुढे कधी पूर्ण मोकळा झाला नाही. गोठ्यात शेकोटी करू नका, हेही त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. धूर ऊब देतो असं आपल्याला वाटतं, पण तो छातीत जातो.

मागच्या हिवाळ्यात घोडीच्या पोटाची भीती मला थंडीपेक्षा जास्त वाटली. डिसेंबरच्या शेवटी तिची लीद बारीक आणि कोरडी पडायला लागली. हौदातलं पाणी बर्फासारखं, ती तोंड लावून बाजूला व्हायची. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागतं. ते कमी झालं आणि वरून कोरडा चारा खाल्ला की आतड्यात गोळा बसतो, आणि पोटदुखीने घोडं एका रात्रीत जातं. बोअरचं ताजं पाणी कोमट असतं, म्हणून आता पहाटे लाइट असेल तेव्हा मोटार लावून तेच थेट बादलीत देतो. लाइट नसेल तर चुलीवरचं एक पातेलं हौदाच्या पाण्यात मिसळून. शिवाय चंदीत, म्हणजे तिच्या दाण्याच्या खुराकात, मूठभर नव्हे, जेमतेम दोन चमचे मीठ, आणि रात्रीचा कडबा नेहमीपेक्षा जास्त. थंडीत लोक हरभरा वाढवतात. त्यापेक्षा वाळलं गवत आणि कडबा वाढवा. तो आतड्यात आंबताना जी ऊब निघते ती पहाटेपर्यंत पुरते. पण पावसात भिजून बुरशी आलेला कडबा घोडीला अजिबात देऊ नका. गाईला चालतो म्हणतात, मी तिलाही देत नाही.

घ्यायची का? लग्नाची, टांग्याची, शर्यतीची घोडी असेल, रात्री उशिरा घामाने परत येत असेल, तर डोळे झाकून घ्या. माझ्या मते ३,८०० रुपये वाजवी आहेत. एका वरातीच्या पैशांत बऱ्यापैकी निघतात. मोकळ्या रानात चरणारं, काम न करणारं घोडं असेल तर ते पैसे कोरड्या चाऱ्यावर आणि वारा अडवणाऱ्या एका भिंतीवर घाला. कॅनव्हास पावसाला पूर्ण टिकत नाही, तासभर सरीला टिकतो, त्यानंतर झिरपतो. मला तेवढं पुरतं.

२०२५ ची दत्तजयंती ४ डिसेंबरलाच आली. आम्ही पुन्हा सारंगखेड्याला गेलो, गंजलेली जुनी बकलं सोबत घेऊन. कारागिराने ती हातात घेतली, काही बोलले नाहीत, वही काढली. चांदणीचं माप, त्र्याहत्तर इंच, मागच्या वर्षीच्या पानावर होतं. त्या पानावर आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पानावरही त्यांनी एक शब्द लिहिला: पितळ. मग आमच्या झुलीचा पोटपट्टा दोन बोटं वाढवून दिला, कसर लागलेल्या कोपऱ्याला ठिगळ लावलं आणि दीडशे रुपये घेतले.